तिकीटआजोबांनी पाहिलेलं कॅलेंडर

१

ज्या घरी सांत्वनाला जायचं ते घरच जागेवर नसलं तर माणसाने करावं काय? सर्व्हेअरबाई हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन नदीकाठच्या रस्त्यावर उभ्या होत्या. समोर हिरव्या दाराचं घर असायला हवं होतं. तिथे प्लास्टिकच्या पाइपांचं गोदाम होतं, आणि गोदामाच्या पायरीवरचं कुत्रं त्यांच्याकडे बघून कंटाळल्यासारखं जांभई देत होतं.

बाई विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायच्या. कुठे आग लागली, पाणी शिरलं, छप्पर कोसळलं, की मालक सांगतो तेवढं नुकसान खरंच झालंय का हे बघायला त्यांना पाठवलं जाई. पत्ते शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यामुळे आपण चुकलो हे मान्य करण्याआधी त्यांनी शेजारच्या औषधांच्या दुकानात चौकशी केली.

"फेरीबोटीची तिकिटं द्यायचे ते आजोबा इथेच राहायचे ना? गेल्या आठवड्यात वारले."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "मी इथेच लहानाचा मोठा झालो, बाई. फेरीबोटी सुटायच्या त्या पलीकडच्या काठावरून. या बाजूला ना कधी बोट लागली, ना कुठली तिकीटखिडकी होती. तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय."

बाईंना सांगणारे स्वतः आजोबाच होते, आणि तेही एकदा नव्हे तर वर्षानुवर्षं. त्याचं असं झालं होतं, की बाई, त्यांची ग्रंथपाल मैत्रीण, बाईंचा भाचा आणि चित्रकलेचे एक सर अशा चौघांनी मिळून 'चार ओळी' नावाची साइट सुरू केली होती. तिथे कोणीही यावं, टोपणनाव घ्यावं आणि रोज निदान चार ओळींची रोजनिशी लिहावी. इतरांनी ती वाचावी, दोन शब्द लिहावेत. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर शेकडो माणसं जीव लावून बसली होती, आणि त्या सगळ्यांचे लाडके होते तिकीटआजोबा. 'माझं घर दवाखान्याला लागून, तिकीटखिडकीसमोर, हिरव्या दाराचं,' असं ते या गावाचं नाव घेऊन लिहीत. नवा माणूस साइटवर आला आणि त्याने बिचकत पहिल्या चार ओळी लिहिल्या, की दिवस मावळायच्या आत आजोबांचं उत्तर आलंच म्हणून समजा. गेल्या आठवड्यात त्यांच्याच खात्यावरून त्यांच्या सुनेने लिहिलं होतं, 'बाबा शांतपणे गेले. कोणी भेटायला येऊ नये अशी त्यांची इच्छा होती.'

इच्छा मोडून बाई आल्या होत्या, कारण या गावात त्यांना एका जळालेल्या कारखान्याची पाहणी करायची होती. आणि खरं सांगायचं तर ते नुसतं निमित्त होतं. आजोबांचं त्यांच्यावर ऋण होतं असं त्या मानत. दीड वर्षापूर्वी एका दातांच्या डॉक्टरांनी बाईंना लग्नाचं विचारलं होतं. भला, हसरा, विधुर माणूस. दुसऱ्या शहरात दवाखाना हलवणार होते आणि म्हणाले होते, "तुम्ही बरोबर आलात तर मला आवडेल." पन्नाशीला टेकलेल्या बाईंना रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. शेवटी त्यांनी साइटवरून आजोबांना खासगी निरोप पाठवला. आजोबांनी लिहिलं, 'पोरी, या वयात मुळं उपटू नयेत. ज्यांच्यात रुजलीस त्यांच्यातच राहा.' बाईंनी डॉक्टरांना नाही म्हटलं. डॉक्टर गेले, आणि तिथे त्यांनी दुसरीशी लग्न केलं.

बाईंनी फुलं गोदामाच्या कठड्यावर ठेवली. आजोबा वारले नव्हते. वारायला आधी ते असायला तर हवे होते. मग तो सल्ला त्यांना दिला कोणी?

२

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी स्वतःलाच एक चिमटा काढून पाहिला. त्याच्या घरातली ही खोली म्हणजे तारा, पंखे आणि उघडे पडलेले कॉम्प्युटर यांचं कोठार होतं. बाईंनी एका खुर्चीवरचे कपडे उचलून दुसऱ्या खुर्चीवर टाकले आणि बसल्या.

"ते लिखाण कुठून येत होतं ते तुला दिसेल ना?"

"नाही दिसणार, मावशी. तूच नाही का पहिल्या दिवशी हट्ट धरलास? लिहिणारा कोण, कुठून लिहितो, याची नोंद आपण ठेवायची नाही. लोकांना मोकळं वाटलं पाहिजे म्हणालीस. मी ती नोंद होतच नाही अशी साइट बांधली."

बाईंनी स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखा चेहरा केला. आपल्याच तत्त्वांनी आपल्या पायात पाय घालावा यासारखी चिडचिड दुसरी नाही.

"खातं कधी उघडलं, ते तरी?"

ते मात्र त्याला दिसत होतं. त्याने पडद्यावर काहीतरी शोधलं आणि तो बोलायचा थांबला. एरवी हा मुलगा तोंडाला कुलूप घालत नसे, त्यामुळे बाई पुढे वाकल्या.

"अगदी सुरुवातीला उघडलंय," तो म्हणाला. "आपण साइट लोकांसाठी उघडली त्याच्याही आधी. तेव्हा तिचा पत्ता फक्त आपल्या चौघांकडे होता. मी, तू, सर आणि ग्रंथपालमावशी. बाहेरच्या कुणाला तिथे येताच आलं नसतं."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

"म्हणजे तू माझ्यावरही संशय घेणार," भाचा म्हणाला.

"तुझ्यावर तर सगळ्यात आधी. कॉम्प्युटरचं तुलाच सगळं येतं."

"आजोबांसारखं लिहिता आलं असतं तर बायकोने मला इतकी वर्षं टोमणे मारले असते का?" तो म्हणाला, पण हसला नाही. जरा वेळाने त्याने विचारलं, "आणि तिघांपैकी एक निघालाच, तर तू काय करणार?"

तिघंही घरची माणसं होती. घराला आग लागली की त्या मालकाला नेमकं हेच विचारायच्या, आत कोणकोण होतं. आणि आज पहिल्यांदा त्यांना कळलं, की हा प्रश्न मालकांना किती जड जात असेल.

३

कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारी शुकशुकाट असे. ग्रंथपाल मैत्रीण खिडकीजवळच्या टेबलाशी फाटक्या पुस्तकांना पट्ट्या चिकटवत बसलेली होती. बाई रोज दुपारी, काम नसेल तेव्हा, इथेच येत. थर्मासमधला चहा दोघींत वाटला जाई, साइटवरच्या लोकांची उणीदुणी आणि कौतुकं होत, आणि डॉक्टरांचं सगळं प्रकरणही बाईंनी या टेबलावरच सांगितलं होतं. तेव्हा मैत्रीण एवढंच म्हणाली होती, "मी काय बोलणार? तुझं तू ठरव." तिच्या या न बोलण्यामुळेच तर बाई आजोबांकडे गेल्या होत्या.

आज बाईंनी गोदाम, कुत्रं, औषधवाला, सगळं सांगितलं. मैत्रिणीच्या हातातली पट्टी पुस्तकाऐवजी तिच्याच बोटाला चिकटली.

"कशाला उकरतेस गं?" ती हळूच म्हणाली. "कोणी का असेना. लोकांना किती आधार होता. ती जुळ्यांची आई आठव. ती लिहायची, की आजोबांचं उत्तर आल्याशिवाय तिला झोप येत नाही."

"मीही त्यांच्याच भरवशावर एक माणूस घालवला. मला कळायला नको, कोणाच्या?"

मैत्रिणीने खाली बघत चहा ओतला. बाईंना वाटलं, बिचारीलाही धक्का बसलाय.

"मी काल त्यांची सगळी रोजनिशी पुन्हा वाचून काढली," बाई सांगू लागल्या. "एकच गोष्ट खटकते. आपण साइटला नवं रूप दिलं, तो दिवस आठवतो? भाच्याने सकाळी जाहीर केलं, 'आजपासून नवं रूप. कसं वाटतं सांगा.' लोकांना दिसली मोठी अक्षरं आणि पांढरं पान. बाकी काही नाही. आणि आजोबांनी लिहिलं, 'डाव्या हाताचं कॅलेंडर फार छान जमलंय. तारखेवर बोट ठेवलं की मागल्या वर्षीचं तेच पान समोर येतं. बसल्याबसल्या वर्ष मागे जातं.' कॅलेंडर नव्हतंच गं साइटवर."

"आठवतं. सगळे हसले होते."

"आधी हसले. मग आजोबांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, की डोळे दगा देताहेत, काय पाहतो ते कळत नाही. मग सगळे काळजीत पडले. कोणी म्हणे डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जातो, कोणी म्हणे घरी येतो. आणि तिथून त्यांचं आजारपण जे लागलं ते शेवटपर्यंत. पण नसलेलं कॅलेंडर त्यांना दिसलं कुठे?"

मैत्रीण जरा विचारात पडली. "कॅलेंडर तर सरांच्या डोक्यातलं होतं ना? त्यांनी नव्या रूपासाठी चित्रं काढून दिली होती, त्यात मी पाहिलं होतं."

"भाच्याने आपल्याला आधी चाचणीचं रूप दाखवलं होतं. मला दिसलं ते पिवळसर पान होतं. तुला?"

"मला ही मोठी अक्षरंच दाखवली होती. मी आवडली म्हणून कळवलं, तीच त्याने ठेवली." ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "सरांवर असं काही यावं असं मला वाटत नाही हं. पण विचारून बघायला काय हरकत आहे?"

बाई उठल्या. सरांनी तर आजोबांचं चित्रही काढलं होतं. न पाहिलेल्या माणसाचा चेहरा त्यांना इतका हुबेहूब सुचला कसा?

४

सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत तिकीटआजोबा भिंतीला टेकून उभे होते. पाठीला पोक, हनुवटीवर पांढरे खुंट, खिडकीतून पुढे आलेला हात. रविवारी साइटवर त्यांच्या आठवणींचा एक कोपरा उघडायचा होता आणि हे चित्र तिथे लागणार होतं. सर त्या हाताच्या नखांना अजून रंग देत होते. मोतीबिंदूमुळे त्यांचं नाक कागदाला टेकायचंच बाकी होतं.

बाईंनी आडवळणाने जायचं ठरवलं होतं, पण त्या चित्रापुढे त्यांना ते जमलं नाही. "सर, आजोबा नाहीत," त्या म्हणाल्या.

"हो ना हो," सर म्हणाले. "अजून पटत नाही."

"तसं नाही. ते कधी नव्हतेच. आपल्यापैकी कोणीतरी त्यांच्या नावाने लिहीत होतं."

सरांचा कुंचला हवेत राहिला. आधी ते रागावले, मग त्यांनी बाईंना वेड्यात काढलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर खुर्चीत बसले.

"मी रोज सकाळी त्यांना लिहायचो," शेवटी ते म्हणाले. "बायको गेल्यापासून. आधी ते, मग दात घासणं. ते उलट विचारायचे, सर, जेवलात का? इतकी वर्षं मी कोणाला सांगत होतो, जेवलो म्हणून?"

ढोंग करणारी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. ढोंगी आधी आवाज चढवतो आणि मग स्वतःची बाजू मांडतो. सरांनी स्वतःची बाजू मांडलीच नव्हती. तरी विचारायचं ते विचारावं लागणार होतं.

"ते कॅलेंडर तुमचं होतं म्हणे."

"कागदावर माझं. डाव्या बाजूला महिन्याची चौकट काढली होती. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही."

"आणि तारखेवर बोट ठेवलं की मागल्या वर्षीचं पान येतं, ते?"

"कागदावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं तर बोटाला रंग लागतो, बाई. ती करामत तुमच्या भाच्याने मागून केली असेल. मी पाहिली नाही. मला त्याने चाचणीत मोठ्या अक्षरांचं रूप दाखवलं होतं. माझ्या डोळ्यांसाठी मुद्दाम केलंय म्हणाला. तेच सगळ्यांना दिलं, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं."

"मोठी अक्षरं तुम्हाला दाखवली होती?"

"मलाच तर. का?"

बाईंनी जायला म्हणून उचललेली पर्स पुन्हा मांडीवर ठेवली. मोठ्या अक्षरांच्या रूपावर आता दोन माणसं हक्क सांगत होती.

५

तिथून निघाल्यावर पहिल्या बाकावर बसून त्यांनी भाच्याला फोन लावला. समोर एक माणूस दुकानाची काच पुसत होता. तो एकच जागा पुन्हापुन्हा पुसतोय असं बाईंना वाटत राहिलं.

"चाचणीचं कुठलं रूप कोणाला दाखवलं होतंस?"

"एकेकाला एकेक. तिघांना तिन्ही दाखवली असती तर तुम्ही मला सात मतं दिली असती. तुला पिवळं पान, सरांना मोठी अक्षरं, ग्रंथपालमावशीला कॅलेंडर. प्रत्येकाला वेगळी लिंक पाठवली होती. तुम्हाला फोनवर वेगवेगळं विचारलं आणि मोठी अक्षरं ठेवली."

बाईंना ऐकू गेलं होतं, पण त्यांनी त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्याने तेच सांगितलं.

"त्या लिंकवर जाऊन लिहिलं तर ते कुठे जायचं?"

"खऱ्या साइटवरच. रोजनिशी तीच, फक्त रूप वेगळं. मागच्या दाराने घरात येण्यासारखं समज. मी ती दारं नंतर बंद करायला विसरलो, हे आत्ता तुझ्या प्रश्नावरून लक्षात येतंय." तो थांबला. "मावशी, तुला जे वाटतंय ते..."

"मला अजून काहीच वाटत नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. हे साफ खोटं होतं.

त्यांच्या धंद्यात एक गोष्ट त्या नव्या मुलांना हमखास शिकवत. जळिताच्या जागी जे जळालं ते मोजत बसू नका. मालकाने जळालं म्हणून सांगितलेलं, पण तिथे कधी नसलेलंच काय आहे ते शोधा. कोठारात न आलेला माल जळाला म्हणून सांगणारा माणूस तो माल दुसरीकडे कुठेतरी पाहून आलेला असतो. आजोबांच्या बाबतीत तो माल म्हणजे कॅलेंडर.

ते चालतं कॅलेंडर जगात दोघांनीच पाहिलं होतं. एक ते बनवणारा भाचा. पण कुठलं रूप लोकांपुढे ठेवलं हे ज्याने स्वतःच्या हाताने ठरवलं, तो न ठेवलेल्या रूपाचं कौतुक कशाला करील? ही चूक घरच्या मालकाची नव्हती. ती पाहुण्याची होती. जिने चाचणीची लिंक जपून ठेवली, ती त्या सकाळीही त्याच लिंकवरून आत आली, समोर कॅलेंडर पाहिलं, आणि 'आजपासून नवं रूप' म्हणजे हेच असं धरून चालली. इतकी सरळ, साधी चूक.

आणि तरीही बाईंनी स्वतःशी वाद घातला. मैत्रिणीने कॅलेंडर पाहिलं असेल आणि विसरली असेल. माणूस विसरतो. पण विसरलेला माणूस 'आठवत नाही' म्हणतो. तिने तर दुसऱ्याला दाखवलेलं रूप आपलं म्हणून सांगितलं, आणि वर सरांकडे बोट दाखवलं. ज्या सरांना ती रोज विचारायची, जेवलात का.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र सरांसाठी नव्हतं. केसाने गळा कापला म्हणतात तो असा, हे त्यांना त्या बाकावर कळलं. कापणारीने रोज दुपारी चहा पाजला होता आणि आपण थर्मासचं झाकण तिच्यापुढे धरत आलो होतो.

६

ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली होती. शिपाई खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होता. मैत्रिणीने बाईंकडे पाहिलं आणि त्याला म्हणाली, "तुम्ही जा. कुलूप मी लावते."

तो बाहेर व्हरांड्यात गेला.

"तुला कॅलेंडर दाखवलं होतं," बाई म्हणाल्या.

नाही म्हणायला मैत्रिणीने तोंड उघडलं होतं. मग तिने चिकटपट्टीचं रीळ खणात टाकलं आणि खण हळूच लोटून दिला.

"हो."

बाईंनी किती वाक्यं तयार करून आणली होती. त्यांतलं एकही लागलं नाही.

"सुरुवातीला कोणी यायचंच नाही, आठवतं?" मैत्रीण बोलू लागली. "आपण साइट उघडणार, आणि पहिल्याच माणसाला तिथे चिटपाखरू दिसणार नाही, याची मला धास्ती वाटायची. म्हणून आधीच एक म्हातारा तयार ठेवला. कोणी लिहिलं की त्याला उत्तर मिळायला हवं, इतकंच मनात होतं. मी माझ्या नावाने लिहिलं तर लोक आभार मानून गप्प बसायचे. त्याने लिहिलं की मन मोकळं करायचे. मला तो लिहिता यायचा गं. मी स्वतः कोणाला जे बोलू शकत नाही ते त्याच्या तोंडून सरळ यायचं. साइट चालली ती त्याच्यामुळे. हे तू नाकारू शकत नाहीस."

"नाही नाकारत. मारलंस का मग त्याला?"

"कॅलेंडरची चूक झाली आणि मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. मग लोक त्याला दवाखान्यात न्यायला निघाले. कोणी गाडी पाठवतो म्हणे. मी रोज एक आजार वाढवत गेले. शेवटी दुसरा रस्ताच उरला नाही."

"सरांचं नाव घेतलंस."

"घाबरले."

"सर तिथे नखं रंगवत बसलेत."

मैत्रिणीने चेहरा ओंजळीत घेतला. बाईंना तिच्या पाठीवर हात ठेवायची इतक्या वर्षांची सवय होती. हात उचलला गेलाही. त्यांनी तो परत घेतला आणि ज्यासाठी आल्या होत्या ते विचारलं.

"डॉक्टरांचं काय? त्याचा साइटशी काय संबंध होता? मी तुला विचारलं तेव्हा म्हणालीस, तुझं तू ठरव. आणि मी आजोबांकडे गेल्यावर त्यांच्या नावाने लिहिलंस, जाऊ नकोस."

बाहेर व्हरांड्यात शिपायाने दिवे मालवले, त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला.

"तुला खरं ऐकायचंय?"

"आता तरी."

"मी आधी 'जा' लिहिलं होतं." मैत्रिणीने चेहऱ्यावरची ओंजळ बाजूला केली. "तुझा निरोप वाचला आणि नेहमीसारखी लिहायला बसले. त्याच्याकडून लिहिताना मला विचार करावा लागायचा नाही. त्याने लिहिलं, 'पोरी, खुशाल जा. असा माणूस पुन्हा दारात यायचा नाही. मागे राहतील त्यांची काळजी करू नकोस, त्यांना तुझी सवय आहे, सवय मोडता येते.' सगळं लिहून झालं होतं. पाठवायचंच बाकी होतं. आणि मग मला हे टेबल दिसलं. उद्यापासून दुपारी इथे कोणी येणार नाही, हे दिसलं. मी ते सगळं पुसलं आणि दुसरं लिहिलं."

आजोबा खोटे होते हे त्यांनी गिळलं होतं. ते खोटे असूनही खरं बोलले होते, आणि त्यांचं तोंड दाबलं गेलं होतं, हे त्यांना गिळता येईना. नसलेल्या माणसाने त्यांचं भलं चिंतलं होतं. असलेल्या माणसाने नाही.

"तुझ्या तोंडाने म्हणाली असतीस, मला सोडून जाऊ नकोस," त्या म्हणाल्या, "तर मी कदाचित राहिलेही असते. आणि मला आयुष्यभर त्याचं काही वाटलं नसतं."

"हे मला माहीत नव्हतं."

"विचारलं कुठे होतंस?"

मैत्रीण रडत होती. रडतरडतच तिने विचारलं, "रविवारी तू सगळ्यांना सांगणार?"

"मी नाही. तू सांगायचंस. तुझ्या नावाने. आणि सरांना त्याआधी, त्यांच्या घरी जाऊन."

"लोक निघून जातील. ती जुळ्यांची आई... साइट उरणार नाही गं."

"नाही उरली तर नाही. त्यांना तरी कळू दे, आपण कोणाच्या खांद्यावर डोकं ठेवत होतो."

बाईंनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या, आणि तिथे थांबल्या, कारण मागून तोच जुना, रोजचा प्रश्न आला होता. "उद्या दुपारी येशील ना?"

त्यांनी वळून पाहिलं. मैत्रीण टेबलाशी बसली होती आणि तिने हे खरंच विचारलं होतं.

"माझ्या बाबतीत एवढं मोठं काही घडलं, की मी दोनच माणसांना सांगायचे," बाई म्हणाल्या. "आजोबांना आणि तुला. आता हे मी कोणाला सांगू, ते तू सांग."

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. जिना उतरून रस्त्यावर आल्या आणि घराच्या दिशेने चालू लागल्या.